सॅक्रामेंटो १/७००: तेल देतानाचं जहाज दाखवायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आतापर्यंत क्रूझर आणि विनाशिकांचे किट केलेत, आता ट्रम्पीटर कंपनीचं १/७०० मधलं (म्हणजे खऱ्याच्या सातशेव्या हिश्श्याएवढं) ‘यूएसएस सॅक्रामेंटो’ हे अमेरिकन पुरवठा जहाज घेतलंय. ते नुसतं शोकेसमध्ये ठेवायचं नाहीये, भर समुद्रात एका विनाशिकेला तेल देताना दाखवायचंय. होज, म्हणजे तेलाचे लवचीक नळ, कशाचे करावेत, दोन जहाजांत अंतर किती, पाणी कसं करावं, आणि हे जमलं तर पुढे आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस दीपक’ या पुरवठा जहाजाला हात घालावा का, असं तुम्ही विचारलंय.

चारही गोष्टींवर लिहितो. पण त्याआधी एक निर्णय कागदावर लिहून काढा: तुमचं मॉडेल नेमक्या कोणत्या घटकेचं आहे? विनाशिका मागून जवळ येतेय, दोर गेलेत पण तेल सुरू झालेलं नाही, तेल जोरात चाललंय, की काम संपून होज परत ओढून घेतायत? युद्धनौकेच्या मॉडेलमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही, जहाज चाललंय एवढं पुरतं. पुरवठा जहाजावर मात्र पाण्यात किती बुडालंय, कुठला झेंडा वर आहे, तारा कुठे ताणल्यात, माणसं कुठे उभी आहेत, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. ते न ठरवता बसलं की प्रत्येक तुकडा वेगळ्या क्षणाचा होतो. मग मॉडेल स्वच्छ असूनही बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं. पुढचं सगळं मी ‘तेल चालू आहे’ ही घटका धरून लिहितोय, कारण दाखवायला तीच सर्वांत भरीव.

जहाजाबद्दल थोडं

सॅक्रामेंटो १९६४च्या मार्चमध्ये अमेरिकन नौदलात आलं. त्याआधी ताफ्याला तेल एका जहाजातून, दारूगोळा दुसऱ्यातून आणि खाणंपिणं तिसऱ्यातून घ्यावं लागे. दर वेळी नवी जुळणी, नवे दोर, आणि तेवढा वेळ सरळ रेषेत चालत राहण्याचा धोका. हे तिन्ही एकाच जहाजात घालायचं आणि ते विमानवाहू जहाजाच्या गटाबरोबर पळू शकेल असं करायचं, ही कल्पना. त्यासाठी ताकद हवी होती. ती आली ‘केंटकी’ या आयोवा वर्गाच्या अर्धवट राहिलेल्या युद्धनौकेतून: तिच्या टर्बाइनचे दोन संच सॅक्रामेंटोला आणि दोन तिच्या बहिणीला, ‘कॅम्डेन’ला. केंटकीची नाळसुद्धा (जहाजाचं पुढचं टोक) वाया गेली नव्हती, ती १९५६मध्ये टक्कर झालेल्या ‘विस्कॉन्सिन’ला बसवली होती. तर असं हे सुमारे २४२ मीटर लांब, ३३ मीटर रुंद, पूर्ण भरल्यावर ५३,००० टनांच्या घरातलं आणि २६ नॉटने धावणारं मालवाहू. १/७०० मध्ये ३४६ मिलिमीटर लांब आणि ४७ रुंद. तुमच्या कपाटातल्या बहुतेक क्रूझर त्याच्यासमोर लहान दिसतील.

हा इतिहास सांगायचं कारण असं की जहाजाने चाळीस वर्षं सेवा केली आणि या काळात त्याचं रूप बदलत गेलं. सुरुवातीला चार जुळ्या ३ इंची तोफा होत्या. पुढे त्या कमी होत गेल्या, सी स्पॅरो क्षेपणास्त्रांचा लाँचर आला, नंतर जवळच्या बचावाच्या स्वयंचलित फॅलँक्स तोफा. म्हणून वर्ष ठरवा आणि त्या वर्षाचेच फोटो समोर ठेवा. व्हिएतनामच्या काळातलं जहाज करत असाल तर शेजारी गिअरिंग वर्गाची, आधुनिकीकरण झालेली विनाशिका शोभेल. फॅलँक्स लावलेल्या सॅक्रामेंटोशेजारी मात्र ती चालणार नाही, कारण तोवर गिअरिंग अमेरिकन ताफ्यातून निघून गेल्या होत्या. अमेरिकन नौदलाने स्वतः काढलेले फोटो सार्वजनिक मालकीचे असतात, चांगल्या रिझोल्यूशनमध्ये मिळतात. बॉक्सवरचं चित्र हा पुरावा नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

पाण्यात किती बुडवायचं

वॉटरलाइन किटमध्ये हल, म्हणजे जहाजाचं मुख्य अंग, पाण्याच्या एका ठरावीक रेषेवर कापलेला असतो आणि आपण तो निमूट बेसवर चिकटवतो. विनाशिकेत फारसं बिघडत नाही. पुरवठा जहाज मात्र दिवसाला हजारो टन वाटून टाकतं.

ढोबळ हिशेब करून बघा. पाण्याच्या रेषेवरची लांबी साधारण २३५ मीटर, रुंदी ३३, आणि टोकं निमुळती म्हणून ०.७५ने गुणा. क्षेत्रफळ येतं ५,८०० चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे जहाज एक मीटर वर यायला जवळजवळ ६,००० टन कमी व्हावे लागतात. दहा हजार टन तेल दिलं की सुमारे पावणेदोन मीटरचा फरक, १/७०० मध्ये अडीच मिलिमीटर. प्रत्यक्षात रिकाम्या टाक्यांत समुद्राचं पाणी घेऊन तोल सांभाळतात, त्यामुळे पूर्ण फरक दिसत नाही. पण एक-दीड मिलिमीटर सहज धरता येतो आणि तेवढा डोळ्यांना चटकन जाणवतो.

करायचं काय, तर हलच्या खाली १ मिलिमीटर जाडीची स्टायरिन प्लास्टिकची शीट त्याच आकारात कापून चिकटवायची, कडा सँडपेपरने हलशी एकजीव करायच्या. आता पाण्यालगतचा काळा पट्टा तेवढ्याने रुंद होईल. सामान्य युद्धनौकेवर तो अरुंद असतो, पुरवठा जहाजावर रुंद, कारण जहाज वर-खाली होत राहणार हे रंग लावणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. पट्ट्याच्या वरच्या कडेला हिरवट-करडी पुसट रेघ ओढा, आदल्या दिवशी पाणी कुठवर होतं त्याची. विनाशिकेचं उलटं: ती तेल घ्यायला आलीय म्हणजे थोडी हलकी आहे. ती अर्धा मिलिमीटर वर बसली तरी चालेल.

मोहीम नुकतीच सुरू झाली असेल तर मात्र सॅक्रामेंटोला काहीच उचलू नका. किट जसं आहे तसं, भरलेलं.

कोण कुठल्या बाजूला

विनाशिका सॅक्रामेंटोच्या उजव्या बाजूला ठेवा. ती डाव्या बाजूला येतच नाही असं नाही, पण डावी बाजू सहसा विमानवाहूची. विमानवाहूचं आयलंड (डेकवरचा ब्रिजचा मनोरा) उजवीकडे असतं आणि माल आत घ्यायच्या बहुतेक लिफ्टही उजवीकडे, म्हणून ते पुरवठा जहाजाला आपल्या उजव्या हाताला ठेवतं. अर्थात पुरवठा जहाजाच्या दृष्टीने विमानवाहू डावीकडे येतं. उद्या हौस वाढून तिसरं जहाज जोडावंसं वाटलं तर जागा मोकळी राहील. मी सुंदर रंगवलेले डायोरामा (मॉडेलांचे देखावे) पाहिलेत ज्यात हे नेमकं उलटं आहे आणि होज विमानवाहूच्या डाव्या बाजूला, लँडिंग डेकच्या खाली कुठेतरी, जाऊन चिकटलाय.

पुरवठा जहाज एका दिशेने, एका वेगाने चालत राहतं, साधारण १२ ते १६ नॉट. घेणारं जहाज मागून येतं, बरोबरीला येतं आणि जागा धरून ठेवतं. जुळवायचं काय, तर नाळेला नाळ नव्हे, ब्रिजला ब्रिज नव्हे. डेकवर तेल देण्या-घेण्याची जी जागा असते तिला स्टेशन म्हणतात, देणाऱ्या स्टेशनसमोर घेणारं स्टेशन आलं पाहिजे. विनाशिकेवर तेल घेण्याची जागा पुढे ब्रिजच्या आसपास आणि मागे अशी असते. म्हणून आधी दोन्ही डेकवर पेन्सिलीने खुणा करा, पट्टी आडवी ठेवून त्या खुणा समोरासमोर आणा, आणि मगच जहाजांच्या जागा बेसवर आखा.

अंतर ४५ मीटर धरा, म्हणजे ६४ मिलिमीटर. बेसवर ते फार वाटतं आणि जवळ आणायचा मोह होतो. आणू नका. सगळा मिळून बेस साधारण ४५० बाय २२० मिलिमीटरचा लागेल.

दुसऱ्या महायुद्धातलं दृश्य असतं तर गोष्ट वेगळी. तेव्हा जहाजं बरीच जवळ, वीस-तीस मीटरवर चालत, होज डेरिकच्या लांब बूमवरून लोंबत आणि दोर माणसं हातांनी सैल-घट्ट करत. अमेरिकन नौदलात बरोबरीने चालत तेल देण्याची पद्धत २८ मे १९१७ रोजी ‘मॉमी’ या तेलवाहू जहाजाने अटलांटिकमध्ये विनाशिकांना तेल दिलं तेव्हापासून रुळली. पुढे ॲडमिरल झालेले चेस्टर निमित्झ तेव्हा त्याच जहाजावर अधिकारी होते आणि ही जुळणी बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या काळच्या मॉडेलमध्ये ढिली, झोल खाल्लेली तार बरोबर आहे. सॅक्रामेंटोवर ती चूक ठरेल. तिथे तार ताणून धरणारी यंत्रणा आहे, दोन्ही जहाजं डोलली तरी तार आपोआप सैल-घट्ट होत ताठ राहते.

होज आणि तारा

इथे सगळ्यांत जास्त मॉडेलं फसतात, म्हणून जरा सविस्तर.

एका ओळीत आधी ताठ तार जाते, देणाऱ्या जहाजाच्या उंच खांबावरून घेणाऱ्या जहाजाच्या स्टेशनपर्यंत. देणारं टोक उंच, घेणारं खाली, त्यामुळे तारेला विनाशिकेकडे उतार असतो आणि होजचं तोंड त्या उतारावरूनच घसरत जाऊन समोरच्या नरसाळ्यासारख्या ग्राहकात बसतं. तारेवर चाकांवरचे तीन-चार सॅडल, आणि होज त्या सॅडलना टांगलेला. दोन सॅडलच्या मध्ये होज खाली झुकतो. सगळं मिळून दारावरच्या तोरणासारखं दिसतं: वर ताठ दोरा, खाली झोल. लोक करतात काय, तर एकच जाड काळी तार घेऊन एका जहाजापासून दुसऱ्यापर्यंत एकाच झोलात सोडतात. तसं काही अस्तित्वात नसतं.

मापं बघा. ७ इंची होज म्हणजे १७८ मिलिमीटर, ७००ने भागल्यावर ०.२५ मिलिमीटर. मोटर वाइंडिंगची तांब्याची तार ३३ गेजची मागा, तिचा व्यास बरोबर ०.२५ आहे. मुंबईत लोहार चाळीत मिळेल, इतर शहरांत मोटर रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात चार हात तुकडा कुणीही देतो. (१/३५०ला हेच काम २५ गेज करते.) उलट ताठ तार साधारण १९ मिलिमीटरची, १/७०० मध्ये ०.०३ देखील भरत नाही, केसापेक्षा बारीक. म्हणजे दोन्हींच्या जाडीत आठ-नऊपट फरक पाहिजे. होज आणि तार एकाच धाग्याने केली की तिथेच सगळं खोटं वाटायला लागतं.

तारेसाठी स्प्रू, म्हणजे किटचे तुकडे ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडलेले येतात त्या, ताणा. काळा किंवा गडद करडा स्प्रू मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नव्हे, फिरवत तापवायचा, मऊ होऊन वाकू लागला की बाहेर काढून एक श्वास थांबायचं आणि मग सरळ ओढायचं. लगेच ओढलं तर कोळ्याच्या जाळ्याइतका बारीक होऊन तुटतो, उशीर केला तर जाड राहतो. बारीक लायक्राचा ताणला जाणारा धागाही चालतो, धक्का लागला तर तुटत नाही हा त्याचा फायदा. पण तो चपटा असतो आणि एका बाजूने पाहिला की जाड दिसतो. मी सॅक्रामेंटोसारख्या जहाजाला ताणलेला स्प्रूच पसंत करतो. लावल्यावर थोडा सैल वाटला तर धुमसत्या अगरबत्तीचं गरम टोक जवळून, न टेकवता, फिरवा. तो आपोआप ताठ होतो. कुणाला हे आधी सांगितलं तर विश्वास बसत नाही, करून बघा.

होजचे झोल आधी बाहेर तयार करायचे. कार्डबोर्डवर सॅडलच्या अंतरावर टाचण्या टोचा, तांब्याची तार त्यांच्यावरून घालून दोन टाचण्यांच्या मध्ये काडीच्या गोल टोकाने हलकेच खाली दाबा. प्रत्येक झोल ५-६ मिलिमीटरपेक्षा खोल नको, आणि सगळे सारखे तर मुळीच नकोत. देणाऱ्या जहाजाजवळचा झोल थोडा मोठा ठेवा. तारेवर लाखेचा थर असतो, रंग धरत नाही, म्हणून आधी प्रायमर, मग मॅट काळा, त्यावर अगदी थोडा करडा. शुद्ध काळा या मापाला डोळ्यात खुपतो. सॅडल म्हणजे स्टायरिनच्या पट्टीचे अर्ध्या मिलिमीटरचे तुकडे.

होज ताठ तारेला चिकटवताना एक अडचण हमखास येते: तांबं जड, स्प्रू नाजूक. होजचं वजन तारेवर टाकलं की तार लवते. यावर उपाय असा की होजची दोन्ही टोकं दोन्ही जहाजांवर पक्की रोवायची आणि मधला भाग स्वतःच्या ताठपणावर उभा राहू द्यायचा. तार त्याच्या वरून नुसती स्पर्श करत जाते, सॅडलपाशी पांढऱ्या फेविकॉलचा बारीकसा ठिपका. बघणाऱ्याला वाटतं होज तारेला लटकलाय, प्रत्यक्षात होजनेच तारेला आधार दिलेला असतो.

झेंडे आणि गोळे

पुरवठा चालू असताना जहाज झटकन वळू शकत नाही, हे इतरांना कळावं म्हणून दिवसा तीन काळ्या आकृत्या उभ्या ओळीत टांगतात: गोळा, मध्ये पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार, परत गोळा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार गोळ्याचा व्यास किमान ०.६ मीटर, दोन आकृत्यांत किमान दीड मीटर अंतर. १/७०० मध्ये जेमतेम ०.९ मिलिमीटरचे गोळे, दोन मिलिमीटरच्या अंतराने. ताणलेल्या स्प्रूवर फेविकॉलचे थेंब सुकवून काळे केले की झालं. मधल्याला सुकण्याआधी चिमट्याने वर-खाली टोक काढा. एवढीशी गोष्ट, पण बहुतेक डायोरामांत नसते.

झेंड्यांत घटकेचा प्रश्न परत येतो. पिवळी फुली असलेला लाल ‘रोमिओ’ झेंडा त्याच बाजूला चढवतात जिथे काम होणार आहे. देणाऱ्या जहाजावर तो अर्ध्यावर म्हणजे तयारी चालू, पूर्ण वर म्हणजे तयार, या. घेणाऱ्या जहाजाने पूर्ण वर नेला की ते जवळ यायला लागलं. आणि दोर हातात आला की रोमिओ खाली उतरतो. म्हणजे तुमचा होज जोडलेला असेल आणि रोमिओ फडकत असेल तर दोन वेगळ्या वेळा एकत्र आल्या. तेल चालू असताना दिसायला हवा तो लाल, मागे खाच असलेला ‘ब्राव्हो’, दोन्ही जहाजांवर. चॉकलेटच्या वर्खाचा दोन मिलिमीटरचा तुकडा पुरतो, आधी रंगवून मग हलका मुरडायचा. दोन्ही जहाजांचे झेंडे एकाच दिशेला उडायला हवेत, हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

पुढच्या बाजूला, होजपासून लांब, अंतर मोजायचा दोर असतो. त्यावर दर २० फुटांना रंगीत खूण: अमेरिकन क्रम हिरवा, लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि परत हिरवा. म्हणजे मॉडेलवर दर पावणेनऊ मिलिमीटरला रंगाचा एक ठिपका. टोकदार काडीने लावा.

पाणी

वेग कमी आहे, हे पाण्याने सांगितलं पाहिजे. जहाजाच्या मागच्या आडव्या लाटांची लांबी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १३ नॉटला दोन शिखरांतलं अंतर साधारण २८-२९ मीटर, मॉडेलवर ४१ मिलिमीटर. २६ नॉटला ते चौपट. किटच्या बॉक्सवर पूर्ण वेगाचं जहाज काढलेलं असतं, नाळेपाशी फेसाचा डोंगर. तो इथे नको. नाळेपासून दोन्ही बाजूंना पसरणारी लाटांची पाचर मात्र वेग कितीही असला तरी मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला साडेएकोणीस अंशांच्या आसपासच राहते. कोनमापकाने बेसवर आखून घ्या, डोळ्यांनी अंदाज केला की ती हमखास रुंद होते.

दोन हलांच्या मधल्या पट्ट्यात मात्र हात मोकळा सोडा. दोन्ही नाळांच्या लाटा तिथे एकमेकींवर आणि समोरच्या पत्र्यावर आपटतात, पाणी वरखाली होतं, फेस तुटक आणि अस्ताव्यस्त असतो. बाहेरच्या दोन बाजूंना पाणी शांत आणि शिस्तीत, मधे गोंधळ. हा विरोध नीट आला तर अर्धं काम झालं.

साहित्याचं फार काही नाही. जाड प्लायवुड किंवा एमडीएफ, त्यावर टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेविकॉलने चिकटवून बोटांनी लाटा उठवायच्या, मधल्या पट्ट्यात ॲक्रिलिक जेलचा जाड थर सुरीने ओढायचा, सुकल्यावर गडद निळा-हिरवा, मग पांढरा कोरड्या ब्रशने, शेवटी ॲक्रिलिक ग्लॉसचे तीन-चार हात. ओतायचं रेझिन मी टाळतो: लाटा सपाट होतात आणि घट्ट होतानाची उष्णता पातळ हल वाकवू शकते. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातातलं दृश्य असेल तर पाणी फार निळंशार करू नका.

डेकवरचं

सगळीकडे फोटो-एच (पातळ पत्र्यातून कोरलेली) रेलिंग लावू नका. काम चाललेल्या स्टेशनच्या तोंडाशी कठडा बऱ्याचदा काढलेला असतो आणि तिथे तात्पुरता दोर असतो. तेवढी फट ठेवली की ते स्टेशन जिवंत वाटतं. माणसं अडीच मिलिमीटरची, ती या स्टेशनांवर गोळा करा, बाकी डेक रिकामा राहिला तरी चालेल. हेल्मेटचे रंग कामाप्रमाणे: दोर ओढणारे निळे, खुणा करणारा हिरवा, बंदुकीने दोर पलीकडे फेकणारा लाल, स्टेशनचा प्रमुख पिवळा. सात-आठ निळे ठिपके एका ओळीत वाकलेले आणि त्यांच्यामागे एक पिवळा. या मापाला एवढंच दिसतं आणि पुरतं.

मधल्या मालाच्या डेकवर पॅलेट ठेवा, दीड बाय पावणेदोन मिलिमीटर. मागे सीनाइट हेलिकॉप्टर: पुढे-मागे तीन-तीन पात्यांचे दोन रोटर, प्रत्येकाचा व्यास २२ मिलिमीटर. ते हवेत दाखवायचा मोह टाळा असं माझं मत. तेल आणि हवाई माल एकाच वेळी चालतात हे खरं, पण डायोरामात नजर होजवर जायला हवी. हेलिकॉप्टर डेकवर, पाती बांधलेली, ठेवा.

रंगाबद्दल थोडक्यात. उभे पृष्ठभाग हेझ ग्रे (अमेरिकन नौदलाचा फिका करडा), डेक गडद करडे, चिमणीचं तोंड काळं. या मापाला दोन्ही करडे थोडे पांढरा घालून फिके करा. गंज कमी. पुरवठा जहाज म्हणजे गंजकं, अशी एक समजूत मॉडेलवाल्यांत आहे. ती व्यापारी मालवाहूंवरून आलीय. नौदलाच्या जहाजावर खलाशी रोज घासून रंग लावत असतात. पाणी वाहून जाणाऱ्या भोकांखाली पुसट ओघळ, नांगराच्या तोंडाशी थोडा, आणि उजव्या बाजूला फेंडर घासलेल्या दोन-तीन जागा पुष्कळ झाल्या. आणि पावसाळ्यात लॅकर रंग मारणार असाल तर दमट दिवशी थांबा. मुंबई-कोकणच्या हवेत तो पांढुरका पडतो, मॅट करड्यावर ते डाग लपत नाहीत. एसीच्या खोलीत अर्धा दिवस काढला की काम होतं.

शेवटचा क्रम: बेस आणि पाणी पूर्ण, मग सॅक्रामेंटो, मग विनाशिका, मग होज, मग ताठ तारा, मग अंतराचा दोर, सगळ्यात शेवटी माणसं आणि झेंडे. धूळ लागणार, म्हणून ॲक्रिलिकची पेटी आधी बनवून घ्या. ताणलेल्या स्प्रूवरची धूळ पुसता येत नाही.

दीपक

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ‘दीपक’ इटलीत फिनकांतिएरीने बांधलं, जानेवारी २०११मध्ये मुंबईत नौदलात दाखल झालं. १७५ मीटर लांब, २५ रुंद. १/७०० मध्ये २५० बाय ३६ मिलिमीटर, १/३५० मध्ये बरोबर अर्धा मीटर लांब. मोठ्या किट कंपन्यांनी भारताच्या पुरवठा जहाजांकडे वळून पाहिलेलं नाही, त्यामुळे हे स्क्रॅचमधूनच, म्हणजे किटशिवाय सगळं स्वतः कापून, करावं लागेल. सॅक्रामेंटो पूर्ण केल्यावर घ्या, आणि १/३५० घ्या, कारण स्क्रॅचमध्ये लहान माप सोपं वाटतं पण तसं नसतं, सगळे खांब आणि पुली तुम्हालाच कापायच्या असतात. हल स्टायरिनच्या आडव्या थरांनी बांधा, आत लाकडी ठोकळा. ३डी प्रिंट करायचा असेल तर फक्त खांब, विंच आणि होजच्या टोकांचे तुकडे प्रिंट करा. सबंध हल छापला की थरांच्या रेघा घासण्यातच जीव जातो.

फोटोंसाठी गोदीच्या आसपास कॅमेरा घेऊन फिरू नका. नेव्हल डॉकयार्ड प्रतिबंधित क्षेत्र आहे, हौस महागात पडेल. नौदल आणि पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय) वेळोवेळी समुद्रातल्या पुरवठ्याचे फोटो प्रसिद्ध करतात. तेच जमवा, आणि त्यातले बाजूने घेतलेले वेगळे काढा. जहाजाची लांबी माहीत आहे, म्हणून अशा एका स्वच्छ फोटोवरून पट्टीने मोजून बाकीची मापं काढता येतात. फोटो तिरका असेल तर पुढचा भाग मोठा दिसतो, तो हिशेबात धरू नका. एक नीट बाजूचा आणि एक वरून, हेलिकॉप्टरमधून घेतलेला, एवढे दोन मिळाले तर कापायला सुरुवात करता येईल.